मुलीच्या गाडीला ट्रॅकर लावावा का? नागपुरात कोणी लावलाय?

बुटीबोरी_शिफ्ट

नमस्कार मंडळी. मुलगी आत्ताच अठराची झाली, पक्कं लायसन्स हातात आलं आणि लगेच कॉलेजला दुचाकीनेच जाणार म्हणून हट्ट, हट्ट कसला, हक्कच म्हणा आता. आम्ही राहतो मनीष नगरला, कॉलेज हिंगणा रोडला, म्हणजे छत्रपती चौक, तिथून रिंग रोड, प्रताप नगर, टी-पॉइंट आणि पुढे एमआयडीसीचे ट्रक. प्रॅक्टिकल असलं की परत येईपर्यंत अंधार पडतो. मी बुटीबोरीला, ड्युटीत मोबाईल लॉकरमध्ये, बाहेर आलो की पहिलं काम मोबाईलच्या नकाशावर तिचा ठिपका कुठे आहे ते बघायचं. घरी मिसेस बघत असते ती वेगळीच. ठिपका हलला नाही की जीव वर, फार जोरात हलला तरी वर.

सध्या फोनवर फुकटचं लोकेशन शेअरिंग आहे पण ते मधेच झोपी जातं. आता दोन पर्याय बघतोय. एक म्हणजे पैसे भरून घ्यायचं फॅमिली ॲप, त्यात स्पीड, जोरात ब्रेक मारला का, चालवताना फोन हातात घेतला का असं सगळं येतं आणि आठवड्याला मार्कपण देतं. दुसरं म्हणजे गाडीतच वायरिंगला जोडायचा जीपीएस, जो फोन बंद असला तरी चालतो. मिसेस म्हणते दुसरा लावा आणि तिला सांगूच नका. शिवाय धाकटा सोळाचा आहे, तोही कधीकधी ट्यूशनला आईची मोपेड नेतो, तर एकाच ॲपमध्ये दोन्ही गाड्या दिसतील.

कोणतं जास्त भरवशाचं? आणि मुलीला सांगावं की नाही?

तार_जोडे

भाऊ माझं ॲक्सेसरीजचंच काम आहे, हे डबे रोज लावून राहिलो, म्हणून सांगतो.

फोनवालं ॲप गाडी पाहत नाही, फोन पाहते. पोरगी मैत्रिणीच्या मागे बसली तरी ॲपच्या हिशोबाने तीच चालवून राहिली. एका साहेबांकडे तर पोरगी मेट्रोत बसली होती आणि यांच्या फोनवर ओव्हरस्पीडचा अलर्ट, पोरगी सत्तरनं चालली म्हणे! दुसरं म्हणजे फोन बॅटरी वाचवायला मागचे ॲप बंद करते, सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीची बंदी काढली नाही तर ठिपका तिथंच अडकून राहते, तुम्हाला वाटते गाडी थांबली. आणि मे महिन्यात फोन डिक्कीत टाकला की तापून बंद पडते, मग पहा तमाशा घरी.

वायरवालं बरं आहे, बॅटरीतून करंट घेते, आत वेगळं सिम असते, त्याचं वर्षाचं रिचार्ज लागते हे दुकानदार नंतर सांगतात. पण त्यालाही आकाश दिसलं पाहिजे. वर्धा रोडला खाली रस्ता, वर हायवेचा पूल, त्याच्या वर मेट्रो. खालून जाणारी गाडी नकाशात वरच्या पुलावर दिसते, कधी बाजूच्या गल्लीत उडी मारते. उडी मारली की स्पीड पण उगाच वाढलेला दिसते. म्हणून एका आकड्यावर भांडू नका पोरीशी.

माझं मत, गाडी चोरीला गेली किंवा कुठे बंद पडली तर एक नंबर चीज आहे. बाकी पोरगी नीट चालवते की नाही ते या डब्यातून समजत नाही.

सेकंड_इयर

मी त्याच बाजूच्या कॉलेजला आहे म्हणून बोलतेय, काका रागावू नका.

आमच्या घरी माझ्या स्कूटीला ट्रॅकर आहे आणि दादाच्या बाईकला नाहीये. रिंग रोडला रात्री कोण काय करतं ते अख्ख्या वस्तीला माहितीये, पण लोकेशन माझं बघतात. असो.

लपवून लावायचा विचार असेल तर पहिल्या सर्व्हिसिंगलाच कळतं, मेकॅनिक स्वतः सांगतो की ताई हे काय लावलंय. आणि फोनवालं ॲप असेल तर त्याला पन्नास उपाय आहेत, फोन हॉस्टेलच्या मैत्रिणीकडे ठेवून जाणाऱ्या मुली आहेत आमच्यात. म्हणजे मग ठिपका कॉलेजात, मुलगी भलतीकडे, आणि खरंच काही झालं तर तिच्याकडे फोनपण नाही. हे कोणाला हवंय?

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. तो अलर्ट येतो ना तुम्हाला, त्यानंतर तुम्ही काय करता? फोन करता. आणि अलर्ट आलाय म्हणजे मी त्यावेळी कुठे आहे? गाडीवर! फोन वाजतोय, नाही उचलला तर परत वाजतो, मग आईचा, मग परत पप्पांचा, मला माहितीये की नाही उचलला तर घरी रडारड होणार, म्हणून टी-पॉइंटच्या सिग्नलला एका हाताने हेल्मेटमध्ये फोन कोंबून 'हो पप्पा, आहे पप्पा'. मागून ट्रक हॉर्न देतोय. सगळ्यात डेंजर चालवते ते मी त्या दोन मिनिटांत, आणि ते ॲपमध्ये येतं 'फोनचा वापर' म्हणून, आणि त्यावरून संध्याकाळी परत बोलणी.

मला सांगून लावला असता आणि फोन करणार नाही असं ठरवलं असतं तर मला काहीच प्रॉब्लेम नव्हता. रात्री गाडी बंद पडली तर मलाही बरंच आहे की कोणाला तरी माहितीये मी कुठे आहे.

एल_बोर्ड

मी शिकवण्याच्या धंद्यात आहे, कार आणि मोपेड दोन्ही.

आधी धाकट्याचं. मुलीच्या प्रश्नात तुम्ही ते सहज लिहून गेलात पण खरा विषय तोच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९अ कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला दोषी धरतात, ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, आईची मोपेड त्यात बसत नाही. पालकाला सुटायला एकच वाट आहे, मला माहीत नव्हतं किंवा मी रोखायची पूर्ण काळजी घेतली होती हे त्याने सिद्ध करायचं. आता तुमच्याच फोनवर त्या मोपेडचा ठिपका रोज संध्याकाळी ट्यूशनला जाताना दिसणार असेल तर माहीत नव्हतं हे कोणत्या तोंडाने सांगाल? मे २०२४ ला पुण्यात कल्याणी नगरला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, दोन जीव गेले, मुलगा सतरा वर्षांचा होता. ट्यूशनला जायचंच असेल तर सायकल आहे, किंवा ती २५० वॅटच्या आतली, ताशी २५ किमीच्या वर न जाणारी इलेक्ट्रिक, तिला लायसन्स लागत नाही. पण घेताना कागद बघा, दुकानदार त्याच नावाखाली जोरात पळणारीही खपवतात.

आता मुलीचं. लायसन्सच्या टेस्टमध्ये आठचा आकडा काढला म्हणजे हिंगणा रोड जमला असं नाही ना. मी पालकांना एकच सांगतो, तिच्या मागे बसा. म्हणजे खरंच मागच्या सीटवर, हेल्मेट घालून, आणि तिच्याच रस्त्याने. आधी रविवारी सकाळी, मग कॉलेजच्या वेळेला, मग अंधार पडल्यावर, आणि पहिल्या पावसात तर नक्की. बडबड करायची नाही, घरी आल्यावर बोलायचं. बघायचं काय ते सांगतो. सिमेंट रोडची कड आणि बाजूचे पेव्हर ब्लॉक यात जिथे उंचीचा फरक आहे तिथे ती तिरकी चढवते का, कारण तिरकं चाक घसरतं आणि नवी पोरं तिथेच पडतात. वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या बाजूला घुसते का, ड्रायव्हर उजवीकडे बसलेला, डावीकडचं त्याला जवळजवळ दिसतच नाही. घाबरली की नुसता पुढचा ब्रेक दाबते का. यातलं काहीही ॲपमध्ये येणार नाही.

आणि स्पीडचं घरी एकदा नीट समजावा, ओरडून नाही. ४० वरून ६० म्हणजे वेग दीडपट, पण गाडी थांबवायला जी ऊर्जा मारावी लागते ती सव्वादोनपट. आजकालच्या मुलांना हे गणित लगेच कळतं, बारावीत त्यांनी तेच तर केलंय.

खामल्याची_काकू

अहो मी तं म्हणते मेट्रोनं पाठवा नं तिला. उज्ज्वल नगरहून बसायचं, बर्डीला बदलायची, आणि थेट लोकमान्य नगरला उतरायचं. एसी आहे, ऊन नाही. आमची पोट्टी जाते. कायले डोक्याला ताप!

सेकंड_इयर

काकू, लोकमान्य नगर स्टेशनपासून पुढे कॉलेजपर्यंत कोण नेणार? प्रॅक्टिकल सुटल्यावर ऑटोवाला काय मागतो ते एकदा येऊन बघा.

खामल्याची_काकू

हो ते आहेच म्हणा.

पूल_खालचा

सॉफ्टवेअरवाला आहे, थोडं लांब लिहितो.

इथे एक गोष्ट बघा, इशारा कोणाला मिळतो? २०२१ मध्ये नागपुरातच आय-रास्ते नावाचा रस्ते सुरक्षेचा प्रकल्प सुरू झाला, त्यात महापालिका, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, सीआरआरआय (केंद्रीय रस्ते संशोधन संस्था) आणि महिंद्रा होते. 'आपली बस' या शहर बसमध्ये कॅमेरे बसवले, समोरच्या गाडीशी अंतर कमी झालं की ड्रायव्हरलाच आवाज, त्याच क्षणी. ज्याचा पाय ब्रेकवर आहे त्याला सांगितलं जातं. आपले हे घरगुती ट्रॅकर सांगतात बुटीबोरीत उभ्या असलेल्या बापाला, ज्याच्या हातात ना ब्रेक ना हँडल. त्याला फक्त फोन आहे, आणि फोनचं काय होतं ते वर त्या मुलीने लिहिलंच आहे, मला वाटतं या धाग्यातलं सगळ्यात कामाचं तेच आहे.

कारमध्ये याहून बरी सोय होती. आमच्याकडे २०१५ ची फिगो होती, तिला मायकी नावाचा प्रकार होता, मुलाला द्यायची किल्ली वेगळी सेट करायची, मग त्या किल्लीवर गाडी ठरलेल्या स्पीडच्या वर जातच नाही, गाण्याचा आवाज मर्यादित, आणि बेल्ट लावला नाही तर गाणी बंद. मुलाने चिडून दोन दिवस गाडीच नेली नाही, मग नेली. कोणाला अलर्ट नाही, कोणाचा फोन नाही. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, आता जुन्या गाड्यांतच मिळेल ते. स्कूटरला कमी स्पीडचा इको मोड असतो बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत, पण तो चालवणारा बदलू शकतो.

बाहेर या वयासाठी नियमच वेगळे आहेत. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं, अमेरिकेत फ्लोरिडाने १९९६ मध्ये. सुरुवातीचे काही महिने रात्री एकट्याने चालवायचं नाही, बऱ्याच ठिकाणी सोबत मित्रमैत्रिणी बसवायच्या नाहीत, कारण नव्या ड्रायव्हरच्या बाजूला त्याच वयाचे बसले की धोका वाढतो हे तिकडच्या अभ्यासांत परत परत दिसलं. आपल्याकडे कायद्यात असलं नाही, पण घरात करायला कोणी अडवलंय? पहिलं सेमिस्टर डबलसीट नाही, नऊनंतर निघायचं असेल तर सांगायचं, बस.

आणि पैसे भरून ॲप घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. डिसेंबर २०२१ मध्ये द मार्कअप या अमेरिकन बातम्यांच्या साइटने छापलं होतं की लाइफ३६० हे असलंच फॅमिली ॲप कुटुंबांचं लोकेशन डेटा दलालांना विकतं, नंतर कंपनीने नेमकं लोकेशन विकणं बंद करतो म्हणून जाहीर केलं. मुलगी रोज किती वाजता कुठे असते ही यादी दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरवर पडून राहणार, ती किती दिवस आणि कशासाठी, एवढं तरी वाचून घ्या.

बुटीबोरी_शिफ्ट

सगळ्यांचे आभार. काल रात्री घरात बैठक झाली, जरा आवाज वाढले पण ठीक.

मुलीला सरळ विचारलं. ती म्हणाली वायरवाला लावा, पण ॲप माझ्याही फोनवर पाहिजे, मला काय दिसतं ते तुम्हाला आणि तुम्हाला काय दिसतं ते मला. ओव्हरस्पीडचे अलर्ट बंद, कॉलेज आणि घर इथे पोचल्याचा मेसेज तेवढा चालू. आणि गाडी हलत असताना फोन करायचा नाही, काही असेल तर मेसेज टाका, थांबल्यावर बघीन. मिसेसला हे शेवटचं अजिबात पटलेलं नाही. ती म्हणते बघू. म्हणजे करणारच आहे ती फोन, मला माहितीये.

धाकट्याची मोपेड बंद. किल्ली मिसेसच्या पर्समध्ये. तो बोलत नाहीये माझ्याशी, सायकलच्या चाकात हवा मात्र भरून आणली त्याने.

एल_बोर्ड साहेब, रविवारी सकाळी मागे बसून टी-पॉइंटपर्यंत जाणार आहे. माझं वजन बघता पोरगी आधी टायर बघून घेते म्हणाली.

तार_जोडे भाऊ, बर्डीला वायर न कापता बसवून देणारा कोणी आहे का? वॉरंटी अजून शिल्लक आहे.

तार_जोडे

आधी गाडी कोणती आणि कोणत्या सालची ते टाका. कपलर प्रत्येक मॉडेलला वेगळा येते, तो असला की वायर कापायची गरज पडत नाही. आणि लावून झाल्यावर दुकानातूनच एक चक्कर मारून पहा, इग्निशन बंद केल्यावर ॲपमध्ये 'पार्क' दाखवते का ते. नाही दाखवलं तर ॲप म्हणेल गाडी चालू आहे, आणि तुमचा मेसेज जाईल, आणि पोरगी क्लासमध्ये असेल.