अखेरच्या दिवसांत त्यांना कोण दिसले? नागपूरकरांचे अनुभव

गेली अठरा वर्षे मी नागपुरात समुपदेशक म्हणून काम करते. ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे आणि आता केवळ वेदना आटोक्यात ठेवायच्या आहेत, अशा रुग्णांच्या घरी माझे नेहमी जाणे असते. तेथे एक प्रश्न रुग्णाच्या खोलीत कोणी विचारत नाही. मी निघाले की जिन्यापर्यंत सोडायला आलेली लेक किंवा सून हळू आवाजात विचारते, "आईला तिची गेलेली बहीण दिसते. हे वेड तर नाही ना?" हे अनुभव जिन्यातच राहू नयेत, म्हणून काही जणांना लिहिण्याची विनंती केली होती. त्यांची पत्रे पुढे आहेत, आणि मधूनमधून त्यांवर माझे उत्तर आहे. आरंभ स्वतःपासून करते.

माझ्या सासूबाई महालातल्या जुन्या घरी गेल्या. ज्येष्ठाचा महिना होता, कूलर रात्रंदिवस चालू होता. त्या दिवशी एकादशी असल्याची आठवण सकाळी त्यांनीच मला करून दिली होती, म्हणजे शुद्ध पुरती होती. दुपारी मी वाटी-चमच्याने पेज भरवत असताना त्यांनी एकाएकी माझा हात बाजूला केला, खांद्यावरचा पदर ओढून डोक्यावर घेतला आणि दाराकडे पाहून मला म्हणाल्या, "मामंजी आले, गूळ-पाणी दे." त्यांच्या सासऱ्यांना जाऊन तेव्हा एक्केचाळीस वर्षे झाली होती. मी उठून उंबऱ्याशी तांब्या आणि गुळाची वाटी ठेवली. त्यानंतरचे चार दिवस, अंग पुसण्याची वेळ सोडली तर, त्यांनी डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही. सारा वेळ त्या शांत होत्या, आणि पाचव्या दिवशी पहाटे गेल्या.

निवृत्त परिचारिका, हनुमाननगर

मी एकतीस वर्षे रात्रपाळ्या केल्या, त्यामुळे एक गोष्ट आधी सांगणे मला आवश्यक वाटते. रुग्णाला जे जे दिसते, ते सगळे एकाच जातीचे नसते. शरीरातले सोडियम उतरले, मूत्रपिंड थकले, जंतुसंसर्ग झाला किंवा औषधाची मात्रा अंगावर आली की रुग्णाला भ्रम होतो. तो चादर कुरतडतो, हवेतले काहीतरी वेचतो, भिंतीवर मुंग्या पाहतो, स्वतःच्या मुलाला ओळखत नाही, आणि तासाभराने पुन्हा नीट बोलू लागतो. रात्री हे वाढते. दुसरा प्रकार अगदी निराळा असतो. रुग्णाला वार माहीत असतो, तुम्ही कोण हेही माहीत असते, आणि तरीही कोपऱ्यात उभ्या असलेल्या आपल्या आईशी तो बोलत असतो.

एका घरी मला शेजारधर्म म्हणून बोलावले होते. आजोबा सारखे उठू पाहत होते, "मले जायचं हाय, जाऊ द्या" म्हणत होते, आणि घरच्यांनी त्यांचा निरोप घेण्याची वेळ आली असे समजून भजन लावले होते. मी ओटीपोटावर हात ठेवला तर ते दगडासारखे घट्ट लागले. लघवीची नळी तुंबली होती. नळी बदलल्यावर आजोबा झोपले आणि पुढे तीन आठवडे जगले. दिव्य दर्शनाची चर्चा करण्यापूर्वी कृपया नळी, ताप, शौच आणि औषधे पाहावीत.

या ताईंचे म्हणणे मी शब्दशः मान्य करते. पण शारीरिक कारण शोधणे वेगळे आणि अनुभवाची किंमत ठरवणे वेगळे, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1902 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत फार स्पष्टपणे मांडले आहे. संतांच्या अनुभवाला मेंदूचा विकार म्हटल्याने त्याचा निकाल लागत नाही, कारण नास्तिकाचे विचारही त्याच्या शरीरातूनच उगवलेले असतात. अनुभवाची पारख त्याच्या मुळांवरून नव्हे, तर फळांवरून करावी, असा त्याचा आग्रह होता. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने मात्र धार्मिक वा आध्यात्मिक अडचणीला, ती मनोविकार नव्हे असे मानून, वेगळी जागा दिली ती 1994 साली. मधली नव्वद वर्षे किती जणांनी गप्प राहून काढली असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

इंदोरा येथून, मुलगा

माझ्या वडिलांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी, वयाच्या चौदाव्या वर्षी, आपल्या आईचा हात धरून दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ होत्या. आमच्या घरी श्राद्ध नाही, पिंडदान नाही, आणि आत्मा या शब्दालाही थारा नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांना आजी दिसू लागली. पांढऱ्या लुगड्यातली, अनवाणी, त्या दिवशी गर्दीत होती तशी. ते म्हणत, "माय म्हणते, हात सोडू नको." मला आनंद व्हायला हवा होता, पण मी घाबरलो. आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध बोललेला माणूस शेवटी डळमळला, असे लोक म्हणतील अशी भीती वाटली, म्हणून नातेवाईक आले की मी विषय बदलत असे. वडिलांना मात्र अशी कोणतीही भीती नव्हती. एकदा मी धीर करून विचारले तेव्हा ते म्हणाले, "ती मेली हे मले माहीत हाय. दिसते, एवढंच सांगतो."

या वाक्यात मानसशास्त्राचा मोठा भाग आला आहे. दिसणे हा अनुभव आहे आणि आत्मा मानणे हा त्या अनुभवाचा लावलेला अर्थ आहे. यांतील पहिले नाकारल्याशिवाय दुसरे नाकारता येते. दिसणाऱ्यांचे रूप माणसाच्या घडणीतून येते, याला अभ्यासाचाही आधार आहे. कार्लिस ओसिस आणि एर्लेंडुर हाराल्डसन या संशोधकांनी अमेरिकेतल्या आणि उत्तर भारतातल्या डॉक्टर-परिचारिकांना रुग्णांविषयी विचारले. अमेरिकन रुग्णांना बहुतेक वेळा मृत नातेवाईक दिसत, तर भारतीय रुग्णांना देवदेवता आणि यमदूत अधिक दिसत. ही माहिती रुग्णांची नसून इतरांच्या आठवणींतली होती, हा त्या अभ्यासाचा दुबळेपणा. पुढे अमेरिकेतल्या बफेलो येथे डॉक्टर ख्रिस्टोफर कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट रुग्णांनाच रोज विचारले. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 59 रुग्णांपैकी 88 टक्के रुग्णांनी किमान एक स्वप्न किंवा दर्शन सांगितले, मृत्यू जवळ येईल तशी गेलेली माणसे अधिक दिसू लागली, आणि सर्वाधिक दिलासा त्यांच्याच दिसण्याने मिळाला. प्राणवायू कमी पडल्याने असे होते, हे उत्तर मला म्हणूनच अपुरे वाटते. चहात साखर कमी आहे हे सांगणारा रुग्णही आईशी बोलत असतो.

धंतोली, गृहिणी

यांना जाऊन दोन वर्षे झाली. संध्याकाळी सातच्या सुमारास फाटकाशी स्कूटर थांबल्याचा आवाज मला आजही येतो आणि मी ओट्यावरून वळून पाहते. हे मी पहिल्यांदाच कोणाला सांगत आहे.

ताई, 1971 साली डेवी रीस या डॉक्टरने वेल्समधील 293 विधवा आणि विधुरांना हेच विचारले होते. जवळजवळ निम्म्यांना जोडीदाराची चाहूल लागत होती, आणि त्यांतील बहुतेकांनी ते कोणालाही सांगितलेले नव्हते. आपण वळून पाहता, यात काहीही बिघडलेले नाही.

सक्करदरा, मुलगा

माझा अनुभव दिलाशाचा नाही. बाबांना त्यांचा धाकटा भाऊ दिसत असे. काका सात वर्षांपूर्वी गेले होते आणि वाटणीवरून दोघांचे बोलणे त्याआधी कितीतरी वर्षे बंद होते. काका आत येत नसत, फाटकाबाहेर उभे राहत. बाबा कळवळून म्हणत, "फाटक कायले लावून ठेवलं? लहान्याले आत येऊ दे." मी त्यांना समजावत असे, की बाबा, काका आता नाहीत, तिथे कोणीही नाही. सलग तीन संध्याकाळ हे चालले. चौथ्या संध्याकाळी त्यांनी विचारले नाही. नंतर दोन दिवसांनी ते गेले. फाटकाची कडी काढायला मला वीस पावले चालावे लागले असते.

दादा, आपण तेव्हा खरे बोललात, आणि खरे बोलणे हा अपराध नाही. मी इतकेच विचारते, की काकांच्या घरी हे कोणाला सांगितले आहे का?

सक्करदरा, मुलगा

आपल्या प्रश्नानंतर आठ दिवसांनी चुलत भावाकडे गेलो. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या घरी बसलो. त्याने सगळे ऐकून घेतले, बराच वेळ काही बोलला नाही, मग विचारले, "सायकल होती का सोबत?" होती. बाबा म्हणाले होते, सायकल फाटकाला टेकवून उभा आहे.