गरोदरपणात 'थोडीशी' वाईन चालते का?

रानजाई: चौथा महिना चालू आहे. आम्ही नाशिकचे, घरात वाईनचं कुणाला वावडं नाही. परवा जेवायला सगळे जमलो तेव्हा मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "घे गं अर्धा ग्लास रेड वाईन, रक्त वाढतं. मी धाकट्याच्या वेळी घ्यायचे, काय झालं त्याला?" मी नको म्हटलं तर त्यांना राग आला. शिवाय भूक लागत नाही म्हणून सासूबाईंनी द्राक्षासव आणलंय. ते तर औषधच ना?

सिस्टर_सावंतवाडी: रानजाई, नको म्हणालात ते अगदी बरोबर केलंत. प्रसूतिकक्षात नर्स म्हणून आयुष्य गेलं माझं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आईने घेतलेली दारू वारेतून थेट बाळाच्या रक्तात जाते. ती पचवायला बाळाचं यकृत तयार झालेलं नसतं. गर्भजलातही ती उतरते, आणि बाळ तेच पाणी गिळत असतं. वाईन 'हलकी' हा समज सोडा. १५० मिलीच्या ग्लासात साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल असतं, व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये १०. आणि रक्त वाढायला लोहाच्या गोळ्या आहेत, त्या चुकवू नका.

जाऊबाईंचा मुलगा ठणठणीत आहे, आनंदच आहे. पण कुणाच्या बाळाला बाधेल हे आधी कळत नाही, सोनोग्राफीतही बहुधा दिसत नाही. सुरक्षित असं प्रमाणच कुणाला सापडलेलं नाही. १९७३ मध्ये सिअ‍ॅटलच्या डॉक्टर जोन्स आणि स्मिथ यांनी पोटात असताना दारू बाधलेल्या बाळांच्या आजाराला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' नाव दिलं: डोळ्यांची फट लहान, वरचा ओठ पातळ, नाकाखालची पन्हळ सपाट. पण चेहरा चारचौघांसारखा आणि इजा फक्त मेंदूला, अशीच मुलं जास्त. काल शिकवलेलं आज आठवत नाही, गणित जमत नाही, एका जागी बसवत नाही. शाळेत त्यांना हट्टी, आळशी म्हणतात, मारतातसुद्धा. याचं मला फार वाईट वाटतं.

द्राक्षासवाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. आसवं-अरिष्टं आंबवूनच करतात, त्यात ५ ते १० टक्के अल्कोहोल असतं. मात्रा लहान असते, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

मीरा७: दिवस गेलेत हे कळायच्या आधी पार्टीत बियर झाली असेल तर? मैत्रीण रात्रभर रडतेय. गर्भ पाडावा का, असं विचारत होती.

सिस्टर_सावंतवाडी: तिला सांगा, तेवढ्यावरून असला निर्णय मुळीच घेऊ नकोस. आता पूर्ण बंद कर आणि डॉक्टरांना काय, किती, कधी ते स्पष्ट सांग. बाळाचा मेंदू शेवटच्या महिन्यापर्यंत वाढत असतो, त्यामुळे कधीही थांबलं तरी फायदाच. मात्र रोज भरपूर पिणारी कुणी असेल तर तिने घरच्या घरी एकदम तोडू नये, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. आणि नवऱ्यानेही या नऊ महिन्यांत घरात बाटली आणू नये, असं मी प्रत्येकाला तोंडावर सांगते.

मेलबर्नकर: इकडे २०२३ पासून बाटलीवर गरोदर बाईचं चित्र आणि इशारा सक्तीचा आहे. आपल्याकडे 'आरोग्यास हानिकारक' आणि 'पिऊन गाडी चालवू नका' एवढंच छापतात.

रानजाई: बाटली वाचली. खरंच लिहिलंय. सासूबाईंनाच दाखवली, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. आता सोमवारी डॉक्टरांकडे त्याही येणार आहेत.