‘हळूहळू सवय होते’: नव्या शहरात वस्ती निवडण्याचा हा सल्ला अमान्य आहे

पायवाट

नोकरीसाठी मोठ्या शहरात निघालेल्या एका तरुणाला ‘हिशेबी’ यांनी गेल्या आठवड्यात जो सल्ला दिला, तो वाचून गप्प बसणे जमले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा की, जिथे भाडे सर्वांत कमी आणि खोल्या सर्वांत मोठ्या, तिथे डोळे मिटून घर घ्यावे. कचेरी लांब असो, वस्ती अनोळखी असो, रात्री गोंगाट असो, माणसाला हळूहळू सगळ्याची सवय होते.

सवय होते हे खरे, पण ती नेमकी मोठ्या खोलीची होते. पहिल्या महिन्यात जिचे कौतुक वाटते, तिच्यात सहा महिन्यांनी रिकामी खोकी साठलेली असतात. प्रवासाचे तसे होत नाही, कारण तो रोज नव्या प्रकारे छळतो. आज गाडी चुकते, उद्या उभे राहायलाही जागा मिळत नाही, परवा वाटेत अर्धा तास खोळंबा होतो, आणि जे रोज बदलते त्याची सवय व्हायची तरी कशी? स्टुट्झर आणि फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांच्या दीर्घकालीन पाहणीच्या आधारे 2008 साली प्रसिद्ध केलेला निबंध याच प्रश्नावर आहे. लांबच्या प्रवासाची भरपाई स्वस्त घराने किंवा वाढीव पगाराने होते असे सिद्धान्त सांगतो. प्रत्यक्षात लांबून येणारे लोक आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी असल्याचे त्यांना आढळले. माझे म्हणणे एवढेच आहे की, घर ठरवण्यापूर्वी कामाच्या दिवशी सकाळी त्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत एकदा स्वतः जाऊन पाहावे. नकाशातला वेळ पाहून फसू नये. थांब्यावर ताटकळलेले एक मिनिट गाडीत बसलेल्या मिनिटाहून कितीतरी जड जाते. वाहतुकीचे नियोजन करणारेही ते अनेकदा दुपटीच्या आसपास धरतात.

हिशेबी

माझ्या लेखातील एक वाक्य उचलून आपण त्यावर धागा काढलात, याबद्दल आभार. मात्र त्या तरुणाने आपला पगार स्पष्ट सांगितला होता आणि घरी पैसे पाठवावे लागतात असेही लिहिले होते, ते आपण सोयीस्करपणे गाळलेत. कचेरीजवळ राहा असे सांगणारे लोक बहुधा तेच असतात, ज्यांना कचेरीजवळचे भाडे परवडते. ज्याच्या पगाराचा अर्धा भाग भाड्यात जाणार, त्याला आयुष्याच्या समाधानाचे निबंध वाचून दाखवण्यात काय हशील आहे?

मी स्वतः अनेक वर्षे शहराच्या टोकाला राहिलो. खात्यांतर्गत परीक्षेचा संपूर्ण अभ्यास मी त्या गाडीत, खिडकीच्या दांड्याला टेकून उभा राहून केला आणि उत्तीर्णही झालो. शिवाय इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केती यांनी 1994 साली मांडलेच आहे की, माणूस पूर्वीपासून दिवसाला साधारण तासभर प्रवासात घालवत आला आहे. मग तासाभराच्या प्रवासाचे एवढे अवडंबर कशासाठी?

मोजपट्टी

मार्केती यांचा तासभर हा जाण्या-येण्याचा मिळून, तोही सरासरीचा आहे. आपण एका बाजूच्या तासाबद्दल बोलत असाल, तर त्यांच्याच हिशेबाने दुप्पट खर्च करत आहात. आपल्या टोपणनावाला हे शोभत नाही.

दुसरीकडे ‘पायवाट’ यांचा सल्लाही मला अपुरा वाटतो. ज्या कचेरीच्या शेजारी घर घ्यायचे, ती कचेरी उद्या स्थलांतर करील किंवा आपणच नोकरी बदलू, याचा विचार त्यात नाही. दोन-तीन मार्ग जिथे एकत्र येतात अशा ठिकाणाजवळ राहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण नोकरी बदलली तरी घर बदलावे लागत नाही. तिथे भाडे थोडे जास्त असते आणि वर्दळही असते, हे मान्य आहे.

उंबरठा

सवय कोणाला होते, हा प्रश्न इथे कोणीच विचारलेला नाही. ब्रिटनमधील कुटुंबांच्या पाहणीवर आधारलेला 2011 सालचा एक अभ्यास आहे. त्यात प्रवासाचा मानसिक स्वास्थ्यावर होणारा वाईट परिणाम स्त्रियांमध्ये ठळकपणे दिसला, पुरुषांमध्ये तसा दिसला नाही. घरकाम आणि मुलांची ने-आण यांचा भार स्त्रियांवर अधिक असतो, हे त्याचे कारण अभ्यासकांनी सुचवले आहे.

आम्ही घर निवडले तेव्हा यजमानांची कचेरी आणि माझी कचेरी नकाशावर सारख्याच अंतरावर होती, आणि त्या समानतेचे आम्हांला मोठे कौतुक होते. परंतु परतताना पाळणाघर गाठायचे ते मी. गाडीला उशीर झाला, तर त्यांना घरी फक्त उशीर होत असे. मी पोहोचेपर्यंत पाळणाघराचे दार अर्धे ओढलेले असे आणि मुलगा दप्तर पाठीला लावून पायरीवर बसलेला असे, शेजारी घड्याळाकडे पाहत उभ्या असलेल्या बाई. ‘हिशेबी’ यांनी गाडीत अभ्यास केला, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन. त्या वेळी त्यांच्या घरची भाजी कोण आणत होते, हेही त्यांनी लिहावे.

रातराणी

प्रवासावर एवढे लिहून झाले, पण रात्रीच्या झोपेबद्दल ‘गोंगाट असो’ या दोन शब्दांवर सगळे पुढे गेले. आम्हांला मध्यस्थाने घर दाखवले ते रविवारी दुपारी. मागच्या बाजूला भिंतीपलीकडे मोठे शांत पटांगण होते. तो बसगाड्यांचा तळ आहे हे पहाटे चारला कळले, जेव्हा एकामागून एक गाड्या मागे घेताना वाजणारा तो टीं-टीं आवाज सुरू झाला. खिडक्या बंद केल्या तर उकाडा, उघड्या ठेवल्या तर टीं-टीं. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली रस्त्यावरील वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज 45 डेसिबलपेक्षा कमी राखावा अशी शिफारस केली आहे. ती आमच्या मध्यस्थाच्या कानांवर पडली नसावी. घर पाहायला रात्री अकरानंतर जावे आणि तळमजल्याच्या भिंतींवर गेल्या पावसाची ओल कुठवर चढली आहे, तेही पाहून यावे.

स्थलांतरित

भाडे, प्रवास आणि आवाज यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट राहूनच गेली. नव्या शहरात पहिले घर आपल्या भाषेच्या, आपल्या भागाच्या लोकांमध्ये घ्यावे. स्वीडनने 1985 पासून निर्वासितांना कुठे वसवायचे हे सरकारी धोरणाने ठरवले होते; त्या नोंदींवर 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, कमी शिकलेल्या लोकांची कमाई आपल्या देशबांधवांच्या वस्तीत राहिल्याने वाढली. कामाची खबर, जामीन राहणारा माणूस आणि अडीअडचणीला उसने पैसे या गोष्टी ओळखीतूनच मिळतात.

शंकासुर

याच सल्ल्याची मी भीती बाळगून होतो. प्रत्येकाने केवळ ‘थोडेफार आपले लोक शेजारी असावेत’ एवढीच माफक इच्छा धरली, तरी सारे शहर कप्प्याकप्प्यांत विभागले जाते, हे अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी 1971 साली पटावर नाणी मांडून दाखवून दिले आहे. मी अशाच ‘आपल्या’ वस्तीत राहिलो. रात्री किती वाजता आलो, कोणाबरोबर आलो, याची बातमी मी पोहोचण्यापूर्वी गावी पोहोचलेली असे. त्या शहराची भाषा मला तिथून बाहेर पडल्यावरच बोलता येऊ लागली. गाव सोडून जायचे आणि गावच पुन्हा भाड्याने घ्यायचे, तर मग सामान बांधण्याचे कष्ट तरी का घ्यावेत?

स्थलांतरित

शेलिंग यांच्या पटावरील नाण्यांना ताप येत नाही. मला नव्या शहरात कावीळ झाली, तेव्हा ओळखपाळख नसलेल्या शेजारच्या बिऱ्हाडाने केवळ मी त्यांच्या जिल्ह्यातला म्हणून महिनाभर पथ्याचे जेवण पुरवले. आपल्याला बातम्या पोहोचवणारे लोक दिसले, कारण आपल्यावर आजारी पडण्याची वेळ आली नाही. पुस्तकी प्रयोग सांगून माणसांच्या आधाराची थट्टा करणे ही सुखवस्तू माणसाची चैन आहे.

शंकासुर

सुखवस्तू म्हणण्यापूर्वी हेही वाचा. ज्या ‘आपल्या’ लोकांच्या आधाराचे गोडवे आपण गात आहात, त्यांच्याच एका इमारतीत मला आगाऊ रक्कम परत करून, ‘सभासदांचा आक्षेप आहे’ एवढे सांगून घर नाकारले गेले. भाषा तीच, जिल्हा तोच. आडनाव मात्र त्यांना हवे होते ते नव्हते. आपल्याला आधार देणारे कुंपण बाहेरच्या बाजूने कसे दिसते, ते मला ठाऊक आहे.

आणि आपले जेवण जिल्ह्यामुळे आले की दारे समोरासमोर असल्यामुळे आले? मानसशास्त्रज्ञ फेस्टिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 साली विद्यार्थी-कुटुंबांच्या वसाहतीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मैत्री कोणाशी होते हे प्रामुख्याने दारांमधल्या अंतरावर आणि जिन्याच्या जागेवर ठरलेले दिसले.

मोजपट्टी

दोघांनीही आवाज थोडा खाली आणावा. त्या वसाहतीत राहणारे सगळेच एका संस्थेतील विवाहित विद्यार्थी होते, म्हणजे मुळातच एकमेकांसारखे. त्यामुळे दाराजवळचा कोणीही मित्र होतो असे त्यावरून सिद्ध होत नाही. तसेच स्वीडनच्या अभ्यासात ज्या गटाची कमाई आधीच चांगली होती, त्या गटाच्या वस्तीत राहणाऱ्यांना अधिक लाभ झाला. केवळ आपले लोक असून भागत नाही, ते बऱ्या स्थितीत असावे लागतात. ‘स्थलांतरित’ यांनी ही अर्धी गोष्ट सांगितली नाही.

स्थलांतरित

अर्धी का होईना, गोष्ट खरी होती, हे आपल्या लेखणीतून आले, हेही नसे थोडके. आडनावाचा प्रकार निंद्य आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही. पण त्यावर उपाय म्हणून कावीळ झालेल्या माणसाने अनोळखी गल्लीत एकटे पडून राहावे, हे मला मान्य नाही.

पायवाट

धागा कुठून निघाला आणि कुठे पोहोचला! ‘हिशेबी’ यांनी पगाराचा मुद्दा काढला तो योग्यच आहे. परवडत नसेल तर लांब राहावेच लागते. माझा आक्षेप, नाइलाजाला शहाणपण म्हणून इतरांना विकण्याला आहे.

उंबरठा

मुले असतील तर भाड्याचा हिशेब आणखी बदलतो. अमेरिकेत 1994 ते 1998 या काळात काही गरीब कुटुंबांना सोडत काढून, कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी भाड्याची मदत दिली गेली. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2016 साली दाखवले की, तेराव्या वर्षाच्या आत तिथे गेलेल्या मुलांची तरुणपणीची कमाई सुमारे 31 टक्क्यांनी अधिक होती. तेरा ओलांडलेल्यांना तो लाभ झाला नाही, उलट थोडा तोटाच दिसला. मोठ्यांच्या कमाईत तर काहीच फरक पडला नव्हता, त्यामुळे पालकांना पाहून वस्तीचा अंदाज बांधता येत नाही.

हिशेबी

ती कुटुंबे अतिदरिद्री वस्तीतून बाहेर पडत होती. दोन बऱ्या वस्त्यांमध्ये निवड करणाऱ्याला तो आकडा लावणे म्हणजे विषयाची ओढाताण आहे. तरीही, एवढे विद्वान हात धुऊन मागे लागले आहेत तर माझ्या मूळ सल्ल्यात मी ‘एकट्या माणसासाठी’ असे दोन शब्द घालतो. भाजी मीच आणत होतो, परतीच्या वाटेवर, हेही नोंदवून ठेवावे. ‘पायवाट’ यांच्यासाठी मात्र एक अक्षरही बदलणार नाही.

उंबरठा

भाजीची नोंद घेतली. पण ‘एकट्या माणसासाठी’ एवढ्यावर भागणार नाही, कारण एकटी बाईसुद्धा माणूसच असते. आपला स्वस्त पत्ता थांब्यापासून दहा मिनिटांवर असेल आणि त्या दहा मिनिटांत दिवा नसलेली भिंत, बंद गोदामे आणि एक मोकळा भूखंड असेल, तर तिला रोज रात्री रिक्षा करावी लागेल. तो खर्च भाड्यात धरून मग सर्वांत स्वस्त घर कोणते ते पुन्हा मांडा.