सहा वर्षे उभी असलेली अग्निशमन गाडी : इंजिन उतरवावे का?

माळराखण (प्रश्न)

नमस्कार. सेवेतून काढलेली एक जुनी अग्निशमन गाडी मी लिलावात घेतली आहे. सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन, २४ व्होल्टची वायरिंग, हवेचे ब्रेक, पीटीओवर (इंजिनाची ताकद पंपाकडे वळवणारी जोडणी) चालणारा सेंट्रिफ्युगल पंप आणि २,००० लिटरची टाकी असे तिचे स्वरूप आहे. गाडी सहा वर्षे उघड्यावर उभी होती. किलोमीटर केवळ ३८,००० झालेले दिसतात, त्यामुळे इंजिन जवळजवळ नवेच असावे असा माझा समज आहे. तासांचा काटा मात्र ४,१०० दाखवतो. दोन्ही बॅटऱ्या नव्या घातल्या, तरी स्टार्टरने इंजिन जेमतेम अर्धा फेरा फिरवले आणि दणका देऊन ते थांबले. वणव्याच्या दिवसांत हाताशी पाणी असावे आणि एरवी रोपांना ते देता यावे, एवढाच माझा हेतू आहे. इंजिन जाम झाले आहे असे धरून ते उतरवावे, की त्याआधी आणखी काही पाहावे?

डिझेलमित्र

प्रथम स्टार्टरला हात लावणे थांबवा. सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल, तर ते दाबले जात नाही, आणि स्टार्टरच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या आणि मग क्रँकच्या पुलीवरील बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहा. दोन पूर्ण फेरे अडथळ्याविना झाले, तर चार स्ट्रोकचे सगळे चक्र मोकळे आहे असे समजावे. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे.

किलोमीटरवर मात्र विसंबू नका. या गाड्या घटनास्थळी उभ्या राहून पंप चालवतात, तेव्हा चाके थांबलेली असली तरी इंजिन राबतच असते. तासाला ४० किलोमीटर धरले तरी ४,१०० तास म्हणजे १,६४,००० किलोमीटरची झीज होते.

सहा वर्षांपूर्वीचे डिझेल टाकीत ठेवू नये. तळाशी पाणी साचते, पाणी आणि डिझेल जेथे भेटतात तेथे जिवाणूंचा चिकट थर वाढतो आणि तो फिल्टर तुंबवतो. टाकी रिकामी करून धुवावी, फिल्टर बदलावेत आणि हातपंपाने लाइनमधील एअर काढावी. आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. इंजेक्शन पंपाचा रॅक, म्हणजे इंधनाचे प्रमाण ठरवणारी दातेरी पट्टी, गंजून पूर्ण इंधनाच्या बाजूला अडकलेला असेल, तर इंजिन सुरू होताच अनावर वेग घेते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. म्हणून पहिल्या वेळी एअर फिल्टरची नळी काढून ठेवावी आणि तोंडावर दाबण्यासाठी जाड सपाट फळी घेऊन एक माणूस शेजारी उभा करावा. हाताने झाकण्याचा मोह अजिबात नको.

फिरता_पाना

एवढ्या सायासांची गरज नाही. हवेच्या नळीत इथरचा फवारा मारा, जुनी इंजिने त्यावर लगेच बोलू लागतात.

डिझेलमित्र

जे इंजिन फिरतच नाही, त्याला इथर काय करणार? शिवाय फिरत असले तरी इथर वेळेआधीच पेट घेते, त्या धक्क्याने पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात, आणि इनटेकमध्ये हीटर असेल तर भडका उडतो.

निवृत्त_पंपचालक

अशी गाडी मी बरीच वर्षे चालवली आहे, म्हणून एक साधी शंका. पीटीओचा दांडा कोणत्या स्थितीत आहे, हे आपण पाहिलेत का? लिलावाआधी पंपाचे प्रात्यक्षिक दाखवतात आणि दांडा तसाच गुंतलेला राहतो. पंपात पाणी राहून इंपेलर (पाणी फेकणारे आतले पाते-चक्र) गंजाने धरला असेल, तर स्टार्टरला इंजिनाबरोबर तो पंपही ओढावा लागतो. क्लच दाबून ही शंका फिटेलच असे नाही, कारण इतक्या वर्षांत क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. दांडा सोडवा आणि मगच इंजिन हाताने फिरवा.

ब्रेकचेही आताच सांगतो. हवा नसताना मागची चाके स्प्रिंगच्या दाबाने धरलेली असतात, त्यामुळे गाडी ओढून नेण्याआधी चाकांना अडणी लावून ब्रेकच्या चेंबरचा (स्प्रिंग असलेल्या डब्याचा) बोल्ट आवळावा आणि स्प्रिंग मागे घ्यावी. चेंबरचा पट्टा मात्र कधीही उघडू नये. आतल्या स्प्रिंगमध्ये माणूस जिवानिशी जाईल इतकी ताकद असते. टायरवरील चार अंकी तारीख वाचा : पहिले दोन अंक आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी नवी दिसली तरी रबर म्हातारे झालेले असते, आणि टाकी भरली की २ टन पाणी त्यावर बसते.

माळराखण

आपले निदान अचूक निघाले. दांडा अर्धवट गुंतलेला होता. तो सोडवण्यासाठी हातोड्याचे हलके ठोके द्यावे लागले, पण त्यानंतर इंजिन हाताने दोन्ही फेरे फिरले. सिलिंडरमध्ये पाणी नव्हते. टाकी धुऊन, एअर काढून चौथ्या प्रयत्नात ते सुरू झाले; फळी धरून मुलगा उभा होता, पण तिचा उपयोग करावा लागला नाही. पंपाचे झाकण उघडून इंपेलर तेलात भिजवला, तेव्हा तिसऱ्या दिवशी तो सुटला. आता पंप चालवताना शाफ्टजवळून थेंब-थेंब पाणी गळते, आणि विहिरीतून पाणी मात्र चढत नाही. ग्लँड (शाफ्टभोवतीची गळती रोखणारा भाग) आणखी आवळू का?

निवृत्त_पंपचालक

आवळू नका. ग्लँडमध्ये दोरीचे पॅकिंग असेल, तर ते थेंब हवेतच. त्यांनीच शाफ्ट थंड राहतो. गळती पूर्ण बंद केलीत, तर पॅकिंग जळून शाफ्टला चरे पडतील. मेकॅनिकल सील असेल, तर मात्र गळती हा बिघाड आहे.

पाणी न चढण्याचे कारण बहुधा हवा आत शिरणे हे असावे. सेंट्रिफ्युगल पंप स्वतः हवा काढू शकत नाही, ते काम प्राइमर करतो. सक्शनचे तोंड झाकणाने बंद करा, सगळे व्हॉल्व्ह मिटा, पंपातील पाणी पूर्ण काढा आणि प्राइमरने २२ इंच पाऱ्याइतकी निर्वात स्थिती आणून तो बंद करा. पाच मिनिटांत काटा १० इंचांहून अधिक घसरला, तर गळती शोधावी लागेल. आधी सक्शनच्या सांध्यांतील रबरी वायसर पाहा, ते वाळून चिरलेले असतात. काटा टिकला, तर विहिरीची खोली मोजा. ७ मीटरच्या खाली पाण्याची पातळी असेल, तर पंप निर्दोष असूनही पाणी चढवणे अवघड जाते.