मदत हवी आहे: आईबाबांसाठी ४ रात्रींची क्रूझ की १० रात्रींची? शुक्रवारपर्यंत ठरवायचंय

स्नेहल_बडोदा
नमस्कार. दोन पर्याय हातात आहेत, चार रात्री किंवा दहा रात्री. चारची परवडते, पण एवढ्यासाठी एवढा खटाटोप करायचा का असं वाटतं. दहाची महाग आहे आणि भाऊ म्हणतो इतके दिवस पाण्यावर करणार काय. एजंटला शुक्रवारी टोकन द्यायचंय. ज्यांनी लांबची क्रूझ केली आहे त्यांनी सांगा, पैसे वसूल होतात का? लवकर उत्तर द्या प्लीज.

कारेलीबागकर
कुठून कुठे? महिना कोणता? किती जण? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगणार काय?

स्नेहल_बडोदा
चारवाली सिंगापूरहून पेनांग, फुकेत आणि परत. दहावाली रोमहून, इटली-ग्रीस-तुर्कस्तान. जुलैमध्ये. मी आणि आईबाबा.

निळाई
मग दहाच घ्या. विमानाचं तिकीट आणि व्हिसाचा खर्च एकदाच होतो, रात्री चार असोत की दहा. तो दहा दिवसांवर वाटला गेला की दिवसाचा भाव उतरतो. शिवाय चार रात्रींत पहिला दिवस चेक-इन आणि सेफ्टी ड्रिलमध्ये जातो, शेवटच्या रात्री बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या असतात. आम्ही तीन रात्रींची केली होती. जिना कुठे, जेवणाचा हॉल कुठे हे कळेपर्यंत उतरायची वेळ आली.

कारेलीबागकर
निळाई, हा हिशेब अर्धाच झाला. टिप रोजची असते. बऱ्याच कंपन्या माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर खात्यात आपोआप लावतात. तिघांचे दहा दिवसांचे ४८० ते ६०० डॉलर झाले. वायफाय वेगळं, दारू वेगळी, बंदरावरच्या सहली वेगळ्या. दिवस वाढले की हे सगळं वाढतं.

मांडवी_दरवाजा
माझ्या भाच्यानं हॉटेल मॅनेजमेंट केलंय, त्याला क्रूझवर किचनमध्ये लागायचंय. कोणाला माहिती असेल तर सांगा.

निळाई
एसटीसीडब्ल्यूचं (जहाजावरच्या लोकांच्या प्रशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय नियम) बेसिक सेफ्टी ट्रेनिंग आणि सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) लागतं. एजंटला पैसे देण्याआधी त्याचं आरपीएसएल लायसन्स (जहाजावर भरती करण्याचा परवाना) डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या साइटवर तपासा. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा.

प्रतापनगर_वहिनी
स्नेहलताई, आईबाबांची वयं काय? विचारते आहे कारण आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन असाच इटलीचा मार्ग केला होता. बोट रोमला लागते असं छापलेलं असतं, प्रत्यक्षात ती चिव्हिटावेक्किया बंदराला लागते आणि तिथून रोम साधारण ऐंशी किलोमीटर. सकाळी सातला बस, दीड तास जायला, दीड तास यायला, मधे उन्हात चालणं, आणि मनात सतत धास्ती की उशीर झाला तर बोट थांबणार नाही. दुसऱ्या दिवशी लिव्होर्नो, तिथून फ्लॉरेन्स आणखी लांब. तिसऱ्या सकाळी सासऱ्यांचे पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा लागेना. नेपल्स त्यांनी केबिनमधूनच पाहिलं. चौथा दिवस पूर्ण समुद्रात होता. तेव्हा कुठे माणूस सावरला, डेकवर शाल पांघरून तीन तास बसला. म्हणून म्हणते, चार की दहा हा प्रश्नच नाही. लागोपाठ किती बंदरं आहेत आणि मधे समुद्राचे दिवस किती, ते मोजा.

स्नेहल_बडोदा
बाबा ७४, आई ६९. बाबांची २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी झाली, आता ठणठणीत आहेत, रोज कमाटीबागेत चालतात. आईला बस लागते. सापुताऱ्याच्या घाटात संत्र्याच्या गोळ्या आणि लिंबू हातात धरूनच बसते. दहावालीत आठ बंदरं आहेत, आत्ता मोजली.

कारेलीबागकर
ताई, हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! दहा रात्रींत आठ बंदरं हे म्हाताऱ्या माणसांचं काम नाही. इन्शुरन्स काढताना अँजिओप्लास्टी लिहा, लपवू नका. बोटीवर डॉक्टर असतो, पण बिल डॉलरमध्ये येतं. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग केबिनच्या दारात यायला संध्याकाळ होते.

निळाई
ग्रीसचं सँटोरिनी बेट असेल तर तेही बघा. मोठी जहाजं तिथे धक्क्याला लागत नाहीत, लहान बोटीतून उतरावं लागतं, मग वर जायला केबल कार नाहीतर ५८८ पायऱ्या. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा जोरात असतो. मे किंवा सप्टेंबर निवडा.

अलकापुरी_७
शेंगेन व्हिसा (इटली-ग्रीसला चालणारा) मल्टिपल एन्ट्रीचा घ्या. तुर्कस्तानला जाऊन बोट परत ग्रीस-इटलीत आली की दुसरी एन्ट्री होते, सिंगल असेल तर अडकाल. आणि पासपोर्टची मुदत परतल्यावर निदान सहा महिने उरलेली असू द्या.

सूरसागर
एवढं परदेशी कशाला? मुंबईहून लक्षद्वीपला क्रूझ जाते. वंदे भारतनं मुंबई गाठायची, संपलं. पाणी इतकं स्वच्छ की तळ दिसतो.

कारेलीबागकर
स्नेहलताई जुलैत जायचं म्हणताहेत. पावसाळ्यात अरबी समुद्रात?

सूरसागर
मग हिवाळ्यात जा. पाणी तेच आहे.

डांडिया_बाजार
आधी आईंना घोघा-हजीरा रो-रोनं (भावनगरजवळच्या घोघ्यापासून सुरतजवळच्या हजीऱ्यापर्यंतची फेरीबोट) नेऊन आणा. नोव्हेंबर २०२० पासून चालू आहे, साधारण चार तास लागतात. लाखो रुपये भरायच्या आधी बोट लागते की नाही ते कळेल. आम्ही असंच केलं आणि बायकोला लागते हे कळल्यावर बेत बदलला.

निळाई
याचा उपयोग नाही. आखातातलं पाणी वेगळं, भर समुद्र वेगळा. मोठ्या जहाजाला स्टॅबिलायझर (हेलकावे कमी करणारी यंत्रणा) असतात. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हालचाल सगळ्यात कमी. गोळी डॉक्टरांना विचारून.

डांडिया_बाजार
स्टॅबिलायझर असूनही लोकांना लागते. चार तासांत थोडा तरी अंदाज येतोच, आणि खर्च किती तो?

प्रतापनगर_वहिनी
तुमचं दोघांचं चालू द्या. स्नेहलताई, आईंना विचारलंत का त्यांना काय हवंय?

स्नेहल_बडोदा
नव्हतं विचारलं. सरप्राइज द्यायचं होतं.

स्नेहल_बडोदा
आत्ता विचारलं. वाल सोलत बसली होती, हात थांबला तिचा. म्हणाली, मला बस लागते, बोट नाही लागत. तिचं आजोळ रत्नागिरीचं. लहानपणी ती आजीबरोबर रत्नागिरीहून भाऊच्या धक्क्यापर्यंत बोटीनं आली आहे, डेकवर वळकटी टाकून झोपायचे म्हणे. रात्री उठून कठड्याशी गेली तर जमीन कुठेच नव्हती, सगळीकडे काळं पाणी आणि चांदणं. लग्न होऊन बडोद्याला आली ती बोटीचं नावच निघालं नाही, समुद्र म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी वलसाडजवळचं तीथल, चपला हातात धरून घोट्याएवढ्या पाण्यात. म्हणते, मला उतरून चर्च आणि किल्ले बघायचे नाहीत. सकाळी उठल्यावर खिडकीत फक्त पाणी दिसलं पाहिजे. पन्नास वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

प्रतापनगर_वहिनी
मग ठरलं की. युरोप सोडा. सिंगापूरहूनच सात-आठ रात्रींची बघा, ज्यात निदान तीन दिवस समुद्रात असतील. आणि बाल्कनी घ्या. आम्ही पैसे वाचवायला आतली केबिन घेतली होती, सासूबाईंना सकाळ झालेली कळायची नाही.

कारेलीबागकर
सहमत. बाल्कनीचे पैसे द्या, एखादी सहल कमी करा. शुक्रवारचं टोकन मात्र देऊ नका, रद्द केल्यावर किती कापतात ते आधी लिहून घ्या. जुलैचाही हट्ट नको. फुकेतच्या बाजूला तेव्हा पावसाळा असतो, फेब्रुवारी चांगला.

अलकापुरी_७
जेवणाचं आत्ताच कळवा. शाकाहारी सहज मिळतं, जैन आधी सांगावं लागतं. आपला बडोद्याचा लीलो चिवडा न्यायचा असेल तर सीलबंद पाकीट. इस्त्री किंवा किटली नेऊ नका, काढून घेतात.

स्नेहल_बडोदा
एजंटला आत्ताच फोन केला. फेब्रुवारीत सिंगापूरहून सात रात्री, तीन दिवस समुद्रात, मधल्या भागात बाल्कनीची केबिन आहे म्हणाला. रद्द करायच्या अटी उद्या लेखी देतोय, त्या वाचूनच टोकन देईन. बाबा डॉक्टरांची वेळ घेताहेत. डांडिया_बाजार, आई रो-रोलाही यायचंय म्हणते, परीक्षा म्हणून नाही, नुसतंच. हजीऱ्याहून सकाळची मिळेल का? गाडी आत नेता येते ना?

डांडिया_बाजार
गाडी नेता येते, तिकीट वेगळं. वेळा बदलत असतात, निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या. सुरतेच्या पुढे ट्रकांची गर्दी असते, पहाटेच निघा. वरच्या डेकवर जा, तिथे बसता येतं.