'एंड अप'ला मराठीत 'करून बसणे' चालेल का?

मुक्काम_कळवा
एका टूरवाल्यांचं काम आलंय, लोकांनी इंग्रजीत लिहिलेले प्रवासाचे अनुभव मराठीत करून द्यायचेत, त्यांच्या पत्रकासाठी. बाकी सगळे झाले, एकावर अडकलेय. वाक्य अगदी साधं, 'वुई प्लॅन्ड वन नाइट बट एंडेड अप स्टेइंग थ्री.' मी लिहिलं 'एक रात्र राहायचं ठरलं होतं पण शेवटी तीन रात्री राहिलो.' तिकडून शेरा आला की 'शेवटी'मुळे वाटतं आधी दुसरीकडे कुठे तरी होते आणि शेवटच्या तीन रात्री इथे. बरोबरच आहे त्यांचं. मग मी केलं 'तीन रात्री राहून बसलो'. नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, बसलात कशाला, झोपायचं ना. पण मला पक्कं आठवतंय, आई सारखी 'घेऊन बसले', 'करून बसले' म्हणायची आणि ते अगदी एंड अपच असायचं. मग इथेच का कानाला खटकतंय? रात्रीपर्यंत पाठवायचंय.

नौपाड्याचे_आजोबा
पर्यवसान होणे. 'एका रात्रीच्या मुक्कामाचे पर्यवसान तीन रात्रींत झाले.' शब्द आहेत हो आपल्याकडे, वापरणारे नाहीत. 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटले आपण, आणि एका इंग्रजी क्रियापदापुढे हात टेकतोय.

शेरेबहाद्दर
काका, पर्यवसान हाणामारीत होतं, दंगलीत होतं. हनिमूनचं कुठे होतं?

नौपाड्याचे_आजोबा
मधुचंद्र म्हणा.

शेरेबहाद्दर
मधु म्हणजे हनी, चंद्र म्हणजे मून. मधुचंद्र इंग्रजीवरूनच उचललाय काका, नुसता धोतर नेसवलंय त्याला.

पनवेल_लोकल
माझ्यावर हे वाक्य प्रत्यक्ष गुदरलंय म्हणून सांगतो. ठाण्याहून वाशीला जायचं होतं, गाडी उभी होती, मोबाईलमध्ये डोकं घालून चढलो, इंडिकेटर बघितलाच नाही. ऐरोली रबाळे घणसोली कोपरखैरणे सगळी स्टेशनं ओळखीची, तुर्भ्यापर्यंत कळायला मार्गच नाही कारण वाशीची काय आणि पनवेलची काय, तुर्भ्यापर्यंत एकच वाट. पुढे सानपाडा यायचं तर आलं जुईनगर. उतरलो, बाकावर बसलो, बायकोला फोन केला, 'अगं मी जुईनगरला येऊन बसलोय.' ती म्हणाली बसलायस काय, ऊठ आणि उलटी गाडी पकड. आता मी म्हणालो ते एंड अपवालं बसणं होतं, तिने ऐकलं ते बाकावरचं, आणि दोन्ही खरंच होतं. तेव्हापासून मी 'जुईनगरला येऊन पडलो' म्हणतो, त्यात भानगड नाही.

खाडीपलीकडची
कोपरखैरण्यात इंग्रजीचे क्लास घेते त्यामुळे हे रोजचं आहे. आधी इंग्रजीचं सांगते. एंड अपच्या पुढे क्रियापद आलं की त्याला आयएनजी लागतं, मुलं हमखास 'आय एंडेड अप टू बाय' लिहितात, ते चूक. पुढे जागा येते, 'एंडेड अप इन नेरूळ'. वस्तू आली की 'विथ' लागतं, नुसतं विशेषणही चालतं, 'एंडेड अप अलोन'. आणि 'फायनली एंडेड अप' असं दोन दोनदा म्हणायचं नाही, शेवट त्यात आहेच. माझी मुलगी तर घरात 'मी शेवटी एंड अप झाले ना पिझ्झा खाऊन' म्हणते, तिच्यापुढे मी हात जोडलेत.
आता मुद्द्याचं. इंग्रजी एंड अपमध्ये पस्तावा असायलाच हवा असं नाही. ठरलं एक, झालं दुसरं, एवढंच. ते दुसरं चांगलंही असतं, 'वुई एंडेड अप हॅविंग अ ग्रेट टाइम' सर्रास म्हणतात. आपलं 'करून बसणे' तसं नाही, त्यात 'आता काय उपयोग' असतंच. विसरून बसलो, गमावून बसलो, शब्द देऊन बसलो. आपल्या हाताने केलं आणि आता परत फिरवता येत नाही. तीन रात्री मजेत राहिलेल्या माणसाला 'राहून बसलो' कसं म्हणता येईल? हॉटेलवाला केस करेल.

शेरेबहाद्दर
मग 'रुसून बसली'त कसला पस्तावा? 'दडून बसला'? तिथे माणूस खरंच बसलेला असतो.

खाडीपलीकडची
ते बसणं वेगळं, आहे त्या अवस्थेत टिकून राहण्याचं. आणि 'वाट बघत बसलो' तिसरंच, तिथे 'बघून' नाही 'बघत' आहे. एकच क्रियापद तीन नोकऱ्या करतंय. पण वाट बघण्याच्या बाबतीत तेच एंड अपचं काम करतं हेही खरं, 'वी एंडेड अप वेटिंग टू आवर्स' म्हणजे 'दोन तास ताटकळत बसलो', याहून चांगलं मला तरी सुचत नाही.

पनवेल_लोकल
पस्तावा करणाऱ्याचाच असतो असं नाही बरं का. माझा चुलतभाऊ, दहावीला माझ्या मागे बसायचा, आता बिल्डर होऊन बसलाय. त्याला काडीचा पस्तावा नाही. जळजळ माझी आहे.

खाडीपलीकडची
हे मस्त आहे! म्हणजे बसणे लावतो तो बोलणारा, आणि पोटदुखी त्याची. उद्या वर्गात सांगते, चुलतभाऊ न सांगता.

मुक्काम_कळवा
अहो पण मग मी लिहू काय? 'मुक्काम लांबला' लिहिलं तर पावसामुळे अडकले होते असं वाटतंय.

नौपाड्याचे_आजोबा
मुळात बसणेचा मूळ अर्थ लक्षात घ्या. संस्कृत उपविश्, त्यावरून जुन्या मराठीतलं बैसणे आणि त्याचं आपलं बसणे. हिंदीवाले 'गलती कर बैठा' म्हणतात तेही त्याच कुळातलं.

वागळे_इस्टेट
मला वाटायचं हे फारसीतल्या 'बस'वरून आलंय, बस म्हणजे पुरे. करून बसलो म्हणजे केलं, आता पुरे. अर्थही चपखल बसतो.

नौपाड्याचे_आजोबा
चपखल बसला म्हणून व्युत्पत्ती होत नाही. फारसी बस निराळा, तो 'बस्स झालं'मध्ये आहे. अशाने उद्या टीएमटीची बस पण यातच घालाल.

वागळे_इस्टेट
घालतो ना. टीएमटीची वाट बघत बसलो की शेवटी रिक्षा करून बसतो.

शेरेबहाद्दर
😂😂 यालाच एंड अप म्हणतात. बाय द वे त्या 'अप'चं काय, वर कुठे जातोय? ठाण्यात अप म्हणजे सीएसएमटीकडे.

खाडीपलीकडची
वर नाही जात, पूर्ण होतं. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप. आपण तिथे 'टाक' लावतो, खाऊन टाक, पिऊन टाक, संपवून टाक. त्यांनी क्रियापदामागे एवढंसं अव्यय चिकटवलं, आपण दुसरं क्रियापदच जोडलं. घोळ करून ठेवला, लग्न करून मोकळा झाला, सगळी त्याच घरातली. आणि प्रत्येकात बोलणाऱ्याचं तोंड वेगळं होतं बघा, 'लग्न करून टाकलं' म्हणजे एकदाचं उरकलं, 'करून मोकळा झाला' म्हणजे आम्हाला न विचारता, 'करून बसला' म्हणजे आता भोगा. इंग्रजीत तिन्हीला एंडेड अप मॅरीड म्हटलं तर चव गेली.

नौपाड्याचे_आजोबा
आणि तरी आपण इंग्रजीच्या मागे. आमच्या गोखले रोडवर एक पाटी मराठीत धड दिसत नाही.

शेरेबहाद्दर
गोखले 'रोड' ना काका?

नौपाड्याचे_आजोबा
गोखले रस्ता. समाधान?

शेरेबहाद्दर
रस्ता फारसी. 🙏

राममारुती_ची_सून
उशिरा आले, सगळं वाचलं. माझ्या सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या एवढं काय त्यात, 'गेलो एका रात्रीसाठी आणि राहिलो तीन.' झालं. आणि खरंच आपण असंच बोलतो की. परवा मी जांभळी नाक्यावर कोथिंबिरीला गेले आणि पितळेचा डबा घेऊन आले. यात एंड अप कुठे आहे? गेले आणि आलेच्या मध्ये आहे. दोन टोकं सांगितली की मधलं ऐकणाऱ्याला कळतं. (कोथिंबीर राहिलीच.) अगदीच फसलं तर 'करायला गेलो गणपती आणि झाला मारुती' आहेच.

नौपाड्याचे_आजोबा
विनायकं प्रकुर्वाणो रचयामास वानरम्. मूळ वानर आहे, मारुती नव्हे.

राममारुती_ची_सून
आमच्या रस्त्याचं नाव बघा काका, आम्ही मारुतीच म्हणणार.

मुक्काम_कळवा
सासूबाईंचं वाक्य फार गोड आहे, तेच पाठवलं, 'गेलो एका रात्रीसाठी आणि राहिलो तीन!' उद्गारचिन्ह माझं. आत्ता उत्तर आलं, म्हणतात 'राहिलो'नंतर क्रियापद हवं, वाक्य अर्धवट वाटतंय. आता यांना काय सांगू, राहिलो हेच क्रियापद आहे म्हणून? पैसे अजून यायचेत त्यामुळे गप्प आहे.

पनवेल_लोकल
काम घेऊन बसलात.

वागळे_इस्टेट
तो पितळेचा डबा केवढ्याला पडला? आणि आतून कल्हई आहे का बघा, नसेल तर आंबट काही ठेवू नका.

राममारुती_ची_सून
साडेनऊशे म्हणत होता, आठशेला दिला. कल्हई नाहीये ना, तेच तर शोधतेय. कोपरीत पूर्वी एक यायचा दारावर, आता दिसत नाही. कुणाला ठाण्यात कल्हईवाला माहितीये का?

खाडीपलीकडची
मिळाला तर मलाही कळवा, माझी दोन पातेली पडून आहेत.