मेक्सिकोतल्या गावाकडच्या रस्त्यांवर गाडी : अनुभव लिहा

कॅनकुनच्या रिसॉर्टांबद्दल भरपूर लिहिलं जातं. भाड्याची गाडी घेऊन किंवा टेक्सास-कॅलिफोर्नियातून स्वतःची नेऊन जे आतल्या भागात हिंडलेत, त्यांनी इथे लिहा. सुरुवात मीच करते.

दक्षिणेकडच्या चियापास राज्यातला सान क्रिस्तोबाल ते पालेंके हा ओकोसिंगोवरून जाणारा रस्ता साधारण 200 किलोमीटरचा, पण पाच तास धरा. घाट आहेच, पण खरा वेळ खातात ते ‘तोपे’, म्हणजे गतिरोधक. वस्तीच्या तोंडाशी, शाळेपाशी, कधी उगाचच. पाटी असेलच असं नाही, पट्टे पुसलेले. झाडाच्या सावलीत तर दिसतच नाहीत. पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट बघत जायचं. कधी मुलं रस्त्यावर आडवी दोरी धरून उभी असतात. थोडी फळं घ्या किंवा सुटे द्या, दोरी खाली. मागण्यांसाठी गावकऱ्यांनी रस्ता अडवला असेल तर मात्र वाद नको. निघायच्या आधी हॉटेलात विचारा; वियाएर्मोसावरून लांबच्या रस्त्याने जा म्हणाले तर ऐका.

सॅन डिएगोकर :
बाहा कॅलिफोर्निया या वायव्येकडच्या द्वीपकल्पाचं गणित वेगळं. तिहुआना ते काबो सान लुकास हा 1973 साली पूर्ण झालेला महामार्ग सुमारे 1,700 किलोमीटर. एल रोसारिओ सोडलं की गेर्रेरो नेग्रोपर्यंत 300 हून जास्त किलोमीटर भरवशाचा पंप नाही. मध्ये काताविन्याला पिंपातलं पेट्रोल विकणारे भेटतात, पण त्यावर विसंबू नका, टाकी आधीच भरा. रस्ता अरुंद, बऱ्याच ठिकाणी साइडपट्टीच नाही. डांबर संपलं की थेट खाली. ‘वादो’ अशी पाटी दिसली की रस्ता ओढ्याच्या पात्रात उतरतो. एरवी कोरडा, पावसानंतर पाणी.
आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. माळाला कुंपण नसतं, गुरं रस्त्यावर येतात. काळी गाय हेडलाइटमध्ये दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

ऑस्टिनहून :
अमेरिकेतला गाडीचा विमा तिथे ग्राह्य धरत नाहीत, मेक्सिकन विमा घ्यावाच लागतो. भाड्याच्या गाडीचा नेटवरचा दर बघून हुरळू नका, काउंटरवर विमा जोडला की आकडा फुगतो. स्वतःची गाडी सीमाभागापलीकडे न्यायची तर तात्पुरता परवाना लागतो (बाहाला नाही). बाहेर पडताना तो रद्द करून घ्या, नाहीतर अनामत गेली. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही.

एक प्रश्न : पुढचा ट्रक डावा इंडिकेटर देत राहतो, त्याचं काय?

सॅन डिएगोकर : ‘जा पुढे’ म्हणत असेल, किंवा खरंच डावीकडे वळत असेल! फाटा जवळ असला तर मागेच राहा. आपल्याला डावीकडे वळायचं असेल तर उजव्या कडेला थांबून, दोन्हीकडची वाहनं गेल्यावर वळा.

ओआहाकाप्रेमी :
सगळे टोलचा ‘कुओता’ रस्ता घ्या म्हणतात. घाई असेल तर ठीक. रोख पेसो ठेवा आणि पावती जपा, त्या रस्त्यावरचा विमा तिच्यातच असतो. दिवसाउजेडी मला मात्र फुकटचा ‘लिब्रे’ आवडतो, कारण गावं आणि खाणावळी तिथेच. ओआहाका शहराहून किनाऱ्यावरच्या पुएर्तो एस्कोन्दिदोला 2024 साली उघडलेल्या नव्या रस्त्याने तीनेक तासांत पोचता येतं. पोचुत्लाचा जुना घाट याच्या दुप्पट वेळ घेतो. धुक्यातलं सान होसे देल पासिफिको हे गाव त्या जुन्या वाटेवर आहे, पण मुलांना गाडी लागत असेल तर नव्यानेच जा.

ऑस्टिनहून :
राहिलंच. पेट्रोल पंपावरचा माणूस भरतो. मीटर शून्यावर आहे ना ते आधी बघा, चार सुटे त्याला द्या. पंक्चर झालं तर रस्त्याकडेला टायर टांगलेलं दुकान शोधा, ‘यांतेरा’ म्हणतात. गाडीच बंद पडली तर 078 लावा. ‘आंखेलेस वेर्देस’ या सरकारी मदत पथकाच्या हिरव्या गाड्या दिवसा मदतीला येतात. मजुरी घेत नाहीत, सुट्या भागांचे पैसे तेवढे द्यायचे.